मदत हवी आहे: ४९ सीसीची छोटी डर्ट बाईक, चोक काढला की बंद पडते

भांडुपकर:
मुलासाठी दीड वर्षापूर्वी सेकंडहँड डर्ट बाईक घेतली, दोरी ओढून स्टार्ट होणारी. चोक लावला की तिसऱ्या-चौथ्या खेचीला चालू होते. चोक काढला की पाच-सहा सेकंदांत बंद. रेस दिली तर त्याच्याही आधी. प्लग नवीन टाकला, कार्बोरेटर दोनदा साफ केला. इथल्या दोन मेकॅनिकनी हातच लावला नाही, पार्ट मिळत नाहीत म्हणाले. शनिवारी मेव्हण्याच्या टेम्पोतून वाड्याला शेतावर न्यायची आहे, पोराला दिवाळीच्या सुट्टीचा शब्द दिलाय. प्लीज लवकर सांगा.

लालबागचा_पाना:
टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? पेट्रोल कधी भरलेलं? ऑइल किती घालता? जुना प्लग काढला तेव्हा त्याच्या टोकाचा रंग कसा होता?

भांडुपकर:
टू स्ट्रोकच. दोरीवाल्या सगळ्या टू स्ट्रोकच असतात ना? रंग बघितला नाही, फेकून दिला.

लालबागचा_पाना:
नसतात. ४९ सीसीत दोरीवाली फोर स्ट्रोकही येते, म्हणून विचारलं. बाकीची उत्तरं द्या.

आरएक्स_प्रेमी:
एवढं कशाला खणताय? या गाड्यांचा कार्बोरेटर आख्खा नवीन ऑनलाइन मिळतो, स्वस्त असतो. बदला आणि मोकळे व्हा. माझ्या भाच्याच्या गाडीला हेच केलं, एका दिवसात काम झालं.

लालबागचा_पाना:
शनिवारच्या आत कुरिअर येणार आहे का? आणि कारण कळल्याशिवाय बदलला तर नवीन कार्बोरेटरचंही तेच होईल. चोक हवा अडवतो. त्यामुळे चोकवर चालते आणि चोकशिवाय मरते याचा अर्थ सरळ आहे: इंजिनला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळतंय. एक तर पेट्रोलची वाट अडलीय, नाहीतर कुठून तरी जादा हवा शिरतेय.

जुनी_लुना:
आमच्या वेळी स्कूटर सुरू झाली नाही की चोक ओढून एका बाजूला तिरकी करायची, मग किक. लुना तर १९७२ पासूनची, तिला पॅडल मारलं की झालं. यालाही तिरकं करून बघा.

आरएक्स_प्रेमी:
काका, यांची सुरू होतेय, टिकत नाहीये इतकंच. आणि लुना राहू द्या, आरएक्स १०० ची गोष्ट काढा. १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली, आजही आवाज ऐकला की माणूस मान वळवतो.

भांडुपकर:
पेट्रोल मे महिन्यातलं आहे, गावाहून आलो तेव्हा टाकीत तसंच राहिलं. ऑइल पेट्रोलच्या लिटरला ४० मिली टूटी (टू स्ट्रोकचं ऑइल), घेताना मालकाने तसंच सांगितलं होतं.

मुलुंड_चेकनाका:
मे ते ऑक्टोबर? आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यात मुंबईचा आख्खा पावसाळा गेला. खाली पाण्याचा थर बसला असेल. टाकी पूर्ण रिकामी करा, जुनं पेट्रोल गटारात ओतू नका.

आरएक्स_प्रेमी:
४० मिली फार होतं, जास्त ऑइलने मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. मी २० घालतो, धूर कमी, प्लग स्वच्छ.

लालबागचा_पाना:
बनवणारा जे सांगतो ते घालायचं. लिटरला ४० म्हणजे पंचवीसास एक, अशा छोट्या स्वस्त इंजिनांना बहुतेक तेच सांगितलेलं असतं. २० घालून पिस्टन चिकटला तर खर्च कोण देणार? आणि तुम्ही म्हणता तसं जास्त ऑइलने मिश्रण रिच होत नाही. ऑइल वाढलं तर तेवढ्याच थेंबात पेट्रोल कमी, म्हणजे उलट लीन, हवा जास्त.

भांडुपकर, कार्बोरेटर कसा साफ केलात ते नीट सांगा. जेट काढला होता?

भांडुपकर:
खालचा बाऊल खोलून पेट्रोलने धुतला, ब्रश मारला. जेट म्हणजे तो मधला पितळी स्क्रू का? तो नाही काढला.

लालबागचा_पाना:
मग कार्बोरेटर साफ झालेलाच नाही, पेट्रोल जेटच्या भोकातूनच जातं. तो पितळी स्क्रू फ्लॅट स्क्रू ड्रायव्हरने काढा. पूर्ण पात्याचा घ्या, नाहीतर खाच मोडेल. मधलं भोक ट्यूबलाइटसमोर धरा. सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. लाइटच्या वायरमधली तांब्याची एक तार घाला. एअर फिल्टरचा फोम कसा आहे?

भांडुपकर:
फोमचा भुगा झाला होता, म्हणून काढून टाकला. फिल्टरशिवायच चालवतोय.

मुलुंड_चेकनाका:
हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायला हवं होतं!! फिल्टर नाही म्हणजे हवेला काही अडवत नाही, म्हणूनच चोक लावल्याशिवाय टिकत नाही. आणि शेतावरची माती सरळ सिलिंडरमध्ये गेली तर पिस्टन-रिंगवर रेघा पडतील.

जुनी_लुना:
सोफ्याचा फोम कापून बसवा.

लालबागचा_पाना:
नको काका, तो पेट्रोलच्या वाफेने विरघळून आत ओढला जातो. स्कूटरच्या एअर फिल्टरचा फोम मिळतो, ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही दुकानात. कात्रीने मापाला कापा, टूटीचे चार थेंब लावून पिळून बसवा.

कायदा_सांगतो:
ही गाडी बिल्डिंगच्या गेटबाहेर काढू नका. नंबर प्लेट नाही, आरटीओत नोंदणी होत नाही. अल्पवयीन मुलगा रस्त्यावर सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

भांडुपकर:
शेतावरच चालवणार आहे हो, तेही हेल्मेट घालून. तो विषय नाही.

भांडुपकर (रात्री):
जेट काढला. ट्यूबलाइटसमोर धरला तर काहीच दिसेना, आत हिरवट गोंदासारखा थर बसला होता. तार फिरवल्यावर टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला. टाकी रिकामी केली, नवीन पेट्रोल ४० मिली घालून भरलं. आता चोक काढल्यावर अर्धा मिनिट टिकते, मग दबते. फोम उद्या आणतो. आणखी काय?

लालबागचा_पाना:
इंजिन बंद असताना कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या जोडाचे दोन अॅलन बोल्ट तपासा, थरथरून सैल होतात. त्या जोडाभोवती घट्ट ग्रीस फासून गाडी चालू करा. लगेच सुधारली तर तिथून हवा शिरतेय, गॅस्केट (जोडातली पातळ चकती) गेलंय. हवा कुठून शिरते ते क्लीनरचा स्प्रे मारून बघू नका, गरम इंजिनवर पेट घेतो. आणि हे सगळं जिन्याखाली नको, उघड्यावर करा.

भांडुपकर (शुक्रवार संध्याकाळ):
एक बोल्ट हाताने फिरत होता! आवळला, ग्रीसने आणखी फरक पडला नाही. फोम बसवला. चोकशिवाय दहा मिनिटं सलग चालली, रेसही उचलते. प्लग काढून बघितला, बिस्किटासारखा तपकिरी. पोरगा बाजूला बसून पाने हातात देत होता, पहिल्यांदा धूर निघाला तेव्हा ओरडलाच. मनापासून आभार सगळ्यांचे. फक्त आयडल (रेस न देताचा वेग) जास्त वाटतंय, चाक आपोआप फिरतं.

लालबागचा_पाना:
चाक फिरता कामा नये, क्लच आयडललाच पकडतोय. आयडलचा स्क्रू पाव-पाव फेरा सैल करत जा, मागचं चाक स्टँडवर उचलून. ते थांबेपर्यंत पोराला बसवू नका.