एकाच विद्यापीठात कॉलेज बदलायचंय: नगरहून पुणे, एस.वाय. बीएस्सी

रानजाई
नमस्कार. नगरच्या एका कॉलेजात एफ.वाय. झालं, सगळे विषय निघालेत. विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे. बाबांची बदली झाल्याने घरचे सगळे भोसरीला जातोय. केमिस्ट्री मेजर, बॉटनी मायनर हवं. फी वर्षाला 15 हजारांच्या आत, म्हणून अनुदानित तुकडीच बघतेय. मायग्रेशन सर्टिफिकेट (विद्यापीठ सोडल्याचा दाखला) काढावं लागेल का?

पिंपळपार
फर्ग्युसन. माझा भाऊ तिथलाच. नाशिक फाट्याला मेट्रो धर, शिवाजीनगरला उतर. चार पैसे जास्त गेले तरी जाऊ देत.

मनोजकाका
मायग्रेशन लागतंच. माझ्या मुलीला लागलं. आत्ताच अर्ज टाक, खेटे घालावे लागतात.

खिडकीपलीकडे
मी कॉलेजच्या कार्यालयात होतो. विद्यापीठ तेच असेल तर मायग्रेशन लागत नाही, पीआरएनही (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) तोच राहतो. काका, मुलगी दुसऱ्या विद्यापीठातून आली असणार.

आधी जागा आहे का विचार. एस.वाय.च्या जागा तिथल्याच एफ.वाय.च्या मुलांनी भरतात, कुणी गळालं तरच मिळते. फोनवर "या, करून टाकू" म्हणाले तरी विश्वास ठेवू नकोस. अर्जावर प्राचार्यांची सही-शिक्का घे, मगच जुन्या कॉलेजात एनओसी आणि टीसी माग. टीसी हातात पडली की जुनी जागा गेली. दोन्ही सेमिस्टरच्या मार्कशीट आणि एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) जवळ ठेव.

घाटमाथा
फर्ग्युसन स्वायत्त आहे, विद्यापीठ तेच असलं तरी अभ्यासक्रम त्यांचा. मी अशाच एका स्वायत्त कॉलेजात गेलो, विषय जुळले नाहीत, एस.वाय. करता करता एफ.वाय.चे पेपर देत बसलो.

पिंपळपार
स्वायत्त म्हणजे दर्जा. पेपर द्यावे लागले तर द्यायचे.

घाटमाथा
प्रॅक्टिकलच्या दिवशीच जुना पेपर आला की बोल.

वांगीभात
हॉस्टेलचा अर्ज लवकर कर, मुलींच्या जागा पटकन संपतात.

मनोजकाका
घरचे सोबत जाताहेत, वर लिहिलंय की. मुलगी मुंबई विद्यापीठातून आली होती, तेव्हा खिडकीवाल्यांचं बरोबर. खेटे मात्र घालावेच लागतात.

सुपारीफूल
महाडीबीटीची शिष्यवृत्ती असेल तर कॉलेज बदलल्याचं दोन्हीकडे लेखी दे, पोच घे. माझा हप्ता जुन्या कॉलेजच्या नावावर अडकला, वर्ष संपलं तरी आला नाही. आणि कुणी मूळ मार्कशीट ठेवून घेऊ लागलं तर देऊ नकोस. पडताळून परत द्यायची असते, यूजीसीने 2018 मध्येच बजावलंय.

वांगीभात
टीसीआधी जागा पक्की कर, एवढं सांगते.

रानजाई
सगळ्यांचे आभार. भोसरीजवळच्या दोन कॉलेजांत विचारलं. एकीकडे जागा नाही. दुसरीकडे आहे, फीही बसते, पण केमिस्ट्रीसोबत बॉटनी देत नाहीत, झूलॉजी घे म्हणाले. मला ते नको. डोंगरगणला वेचलेल्या गवतांची हर्बेरियम फाइल (वाळवून चिकटवलेले नमुने) अर्धी झालीय, बाई पुढच्या पावसाळ्यात ती पूर्ण करून घेणार आहेत. तेव्हा बदलत नाही. नगरला आत्याकडे राहते, एम.एस्सी.ला पुण्याला येईन. आई नाराज आहे.

पिंपळपार
चूक करतेयस. झूलॉजी काय वाईट आहे?

खिडकीपलीकडे
टीसीचा अर्ज दिला असशील तर उद्याच लेखी मागे घे आणि एस.वाय.ची फी भरून पावती घे. टीसी तयार होऊन रजिस्टरला चढली की निस्तरणं अवघड.

रानजाई
दिला होता. उद्या सकाळीच जाते.