रत्नागिरीची माणसं गेली कुठं?

चाकरमानी: जनगणनेत 2001ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777. 2011ला 16,15,069. दहा वर्षांत ऐंशी हजारांवर माणसं कमी! आमच्या वाडीत चौदा घरं, नऊंना कुलूप, ते दिसतंच. पण जन्म घटले की माणसं गेली?

माहेरवाशीण: गेली हो. 2011ला हजार पुरुषांमागे 1,122 बायका, यातच सगळं आलं. मुली जास्त जन्मतात म्हणावं तर शून्य ते सहा वयात मुलगेच जास्त होते. मग मधले बाप्ये गेले कुठं? मुंबईला. मोजणीला येणाऱ्या मास्तरांना घरात सासू-सून भेटतात. आमच्याकडे शिमग्यात पालखीला खांदे मिळावेत म्हणून मुंबईच्या गाड्यांची वाट बघतात.

काजूवाला: राज्यात त्या दशकात तीनच जिल्हे घटले: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गंमत म्हणजे मुंबई शहर. लालबाग-परळची चाळ सोडून आपलीच माणसं विरार-डोंबिवलीला गेली ना! आणि मोजणी फेब्रुवारीत. गणपतीत घ्या, मग बघा आकडा.

चाकरमानी: गणपतीत मोजायला मास्तर तरी रिकामा सापडेल का? तोही भजनात.