गडग्यासारखी भिंत असलेला छोटा टँक: मॉस आणि नेचे टिकतील का?

कुडाळची_पुण्यात

नमस्कार मंडळी. घरात एक दोन फुटी टँक रिकामा पडलाय, ६० बाय ३० आणि उंची ४५ सेंमी, आधी लेकाचे गोल्डफिश होते. आता माझ्या डोक्यात खूळ शिरलंय की पाणी खाली फक्त १५ सेंमीपर्यंत ठेवायचं आणि मागच्या काचेला पूर्ण उंचीची भिंत करायची, तिच्यावर मॉस आणि नेचे (फर्न), वरनं पाणी झिरपत खाली यायला पाहिजे. आमच्या गावाला जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाच्या भिंतीवर, पावसाळ्यात कसं हिरवंगार होतं आणि सांदीतून हंसराजाचा नेचा डोकावतो, अगदी तसं. व्हिडिओ ढिगाने बघितले पण सगळे परदेशातले, त्यांचं सामान इथे मिळत नाही आणि मिळालं तर किंमत बघून टँक परत माळ्यावर टाकावासा वाटतो.

भिंत कशाची करू? गणपतीला गावी जाणारच आहे तर गडग्यावरचं मॉस खरवडून आणलं तर चालेल का? आमच्या सोसायटीत अर्धे दिवस बोअरचं पाणी असतं, त्याने काही होईल का? आणि सासूबाईंचं म्हणणं, लोक शेवाळ घासून काढतात आणि तू पैसे देऊन आणणार, वर डास होतील ते वेगळेच. पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, दुसऱ्याचं सांगा.

काचवाला

ताई, केलंय मी, दोन वर्षं झाली, चालू आहे. आधी माझी फजिती सांगतो म्हणजे तुमची टळेल. मी भिंतीला फेल्टचं कापड लावलं होतं, झाडांच्या व्हर्टिकल गार्डनला वापरतात ते, आणि त्याचा एक कोपरा काचेच्या कडेवरून जेमतेम बोटभर बाहेर लोंबत राहिला. रात्री झोपलो, सकाळी पाय टाकला तर चपचप. कापड वात होऊन रात्रभर पाणी ओढत होतं आणि थेंब थेंब करत पाच-सहा लिटर टीव्हीच्या कपाटात, प्लायवूड फुगून दार आजही नीट बंद होत नाही. तर कापड असो की मॉस, काचेच्या वरच्या कडेपासून निदान दोन इंच खाली थांबवायचं, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

बाकी माझी पद्धत अशी की काच आडवी झोपवून पीयू फोम (डब्यातून मारला की फुगून घट्ट होतो तो) मारायचा, दोन दिवस सुकू द्यायचा, मग कटरने दगडासारखे खाचखळगे कोरायचे आणि वरून काळं सिलिकॉन फासून त्यावर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, दाबायचं. सिलिकॉन अँटीफंगलवालं घेऊ नका, साधं व्हिनेगरसारखा वास येणारं घ्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरायचं नाही. फोम हलका असतो, पाण्याखालचा भाग नीट चिकटला नसेल तर अख्खी भिंत उचलून वर येते, तेही बघितलंय.

नेचे_आणि_मी

गडग्यावरच्या मॉसबद्दल लिहिते, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही. पाण्याखाली लावणार असाल तर नकोच, ते जमिनीवरचं मॉस आहे, काही आठवड्यांत तपकिरी होऊन कुजतं आणि पाणी नासवतं. पाण्याच्या वर लावलं तरी भरवसा नाही, कारण गडग्यावरच्या मॉसला उन्हाळ्यात वाळून पडायची आणि पहिल्या पावसात पुन्हा उठायची सवय असते, बारा महिने बंद टँकमध्ये उबदार दमटपणा मिळाला की बुरशी धरते. शिवाय सोबत गोगलगायी फुकट येतात. आणि घाटातून, अभयारण्यातून तर कुणीच खरवडून आणू नका, तो एवढासा हिरवा गालिचा व्हायला वर्षं लागलेली असतात.

जावा मॉस घ्या. ते पाण्यातही वाढतं आणि ओलं राहिलं तर पाण्याबाहेरही वाढतं, तुमच्या अर्ध्या-अर्ध्या भिंतीला याहून सोपं काही नाही. तसंच जावा फर्न, तो मुळात आग्नेय आशियात ओढ्याकाठच्या दगडांवर अर्धा पाण्यात अर्धा बाहेर असाच वाढतो. फक्त त्याचं आडवं खोड, ज्यातून पानं आणि मुळं फुटतात ते, मातीत किंवा वाळूत पुरायचं नाही, पुरलं की सडलंच. जेलवाल्या सुपरग्लूच्या एका थेंबाने चिकटवा नाहीतर सुती दोऱ्याने बांधा, दोरा कुजेपर्यंत मुळं धरतात. नंतर पानांखाली ओळीने काळे-तपकिरी ठिपके दिसतील तेव्हा रोग समजून पान कापू नका, ते बीजाणू असतात. जुन्या पानाच्या टोकाला तर इवलं पिल्लू फुटतं, चार पानं आणि केसासारखी मुळं लोंबणारं, ते अलगद तोडून दुसरीकडे चिकटवायचं.

हंसराज अगदी वर, जिथे ओल आहे पण पाणी थेट वाहत नाही तिथे जमेल. तो नर्सरीतून घ्या.

ठिबक_सांगली

झिरपण्यासाठी परदेशी सामान कशाला, ठिबकच्या दुकानात जावा. १६ एमएमच्या लॅटरलचा, म्हणजे ठिबकच्या नळीचा, दोन फूट तुकडा, दोन्हीकडे एंड कॅप, त्यात दर इंच-सव्वा इंचावर दीड एमएमचं भोक पाडायचं, झालं काम. एका टोकाला पंपाचा पाइप. पंपाच्या डब्यावर ताशी ३०० लिटर लिहिलेलं असलं तरी दीड फूट वर चढवल्यावर त्याच्या निम्मंच येतं कधी कधी, ते धरून घ्या, आणि पाणी धार म्हणून पडायला नको, भिंतीला चिकटून उतरायला पाहिजे. पंपाच्या तोंडाला स्पंजचा तुकडा बांधा, नाहीतर मॉसचे तुकडे जाऊन भोकं बुजतात, आमच्या रानात शेवाळाने तेच होतं फक्त मोठ्या प्रमाणावर. 😀

आणि बोअरचं पाणी हा खरा घोळ आहे. ठिबकच्या ड्रिपरवर पांढरा खार चढतो तो बघितलाय ना, तोच तुमच्या भिंतीवर चढणार.

नेचे_आणि_मी

हे अगदी बरोबर, आणि मॉसला तर दुप्पट त्रास. त्याला खरी मुळं नसतात, पानांनीच पाणी पितं, मग पाणी उडून जातं आणि क्षार पानावरच राहतात. टोकं आधी पांढरी मग तपकिरी. घरच्या आरओचं पिण्याचं पाणी निम्मं आणि नळाचं निम्मं असं चालेल. आरओमधून जे वाया जातं ते झाडांना घालायची सवय असते आपल्याला, ते इथे घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस सोडून गच्चीवर बादली ठेवा, त्याहून छान पाणी नाही.

रविवार_कुर्ला

फोमशी मी सहमत नाही, सॉरी काचवाला. एकदा चिकटला की चिकटला, पुढे मागे घर बदललं, टँक विकायचा झाला तर खरवडत बसा. मी प्लॅस्टिकची बारीक जाळी दुहेरी घेतो, मध्ये मॉसचा पातळ थर, इतका पातळ की पलीकडचं बोट दिसलं पाहिजे, कडा मासे पकडायच्या तंगूसने शिवतो आणि सक्शन कपने काचेला. जाड थर दिला की आतलं कुजतं, वरचं सुटतं. दीड-दोन महिन्यात जाळी दिसेनाशी होते आणि मग कात्रीने भादरत राहायचं. बिघडलं तर बाहेर काढून धुता येतं.

आणि ते ताकात मॉस घोटून भिंतीला फासायचे व्हिडिओ बघून कुणी नादी लागू नका. आमच्याकडे आठ दिवस अख्ख्या घराला आंबूस वास, मॉस शून्य, बुरशी भरपूर. नुसतं पाण्यात बारीक कातरून लावा.

काचवाला

जाळी पाण्याखाली ठीक आहे पण वर सपाट हिरवा गालिचा दिसतो, गडगा नाही दिसणार. ताईंना सांदी पाहिजेत.

रविवार_कुर्ला

मग खाली जाळी, वर फोम. मिटलं भांडण.

कुडाळची_पुण्यात

बापरे, एवढी उत्तरं! गावचं मॉस रद्द. पण जांभ्याचे दोन-चार तुकडे तरी आणू का? आणि डासांचं कुणीच बोललं नाही, सासूबाई रोज विचारतायत.

काचवाला

आणा की, भोकाभोकाचा असतो, फर्नची मुळं मस्त धरतात. ब्रशने घासून आठवडाभर बादलीत बुडवून ठेवा, पाणी दोनदा-तीनदा बदला, तांबडं यायचं थांबलं की वापरा. काळा दगड टाकायचा तर त्यात पांढऱ्या रेघा किंवा खडे आहेत का बघा, त्यावर लिंबू पिळा, फसफसलं तर कॅल्साइट आहे, तो पाणी जड करतो, नको.

डासांचं उत्तर गप्पी मासे, डासांच्या अळ्या खातात. महानगरपालिकेवालेसुद्धा डबक्यात तेच सोडतात. फक्त भिंतीच्या खाचेत पाणी साठून राहील असा खड्डा कोरू नका, तिथे गप्पी पोहोचत नाही, प्रत्येक खाचेला खाली उतार द्या. वर काचेचं झाकण ठेवा, पुढे बोटभर फट, दमटपणाही टिकतो. पण मासे लगेच सोडायचे नाहीत, चार ते सहा आठवडे पंप, झाडं, लाइट असं रिकामंच चालू द्या, पाण्यातले अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढायला तेवढा वेळ लागतोच. लाइट सहा-सात तास पुरे, खिडकीतलं ऊन अजिबात नको नाहीतर मॉसऐवजी सासूबाई म्हणतात तेच शेवाळ मिळेल.

रविवार_कुर्ला

चेरी कोळंबी (टँकमध्ये पाळायची इवली लाल कोळंबी) पण सोडा दहा-बारा, मॉसमधला कचरा खुडत बसते दिवसभर. मात्र गप्पी तिची पिल्लं खातात हे धरून चाला. माशांच्या औषधात तांबं असतं ते कधी टाकू नका, कोळंबी मरते. एसीचं पाणी पण त्याच कारणाने नको.

कुडाळची_पुण्यात

कोळंबी घरात येणार आणि खायची नाही, हे आमच्या घरात समजावायला मला गणपतीपर्यंत वेळ लागेल. तोवर ठिबकचं दुकान शोधते. १६ एमएम म्हणजे दुकानात नुसतं लॅटरल म्हटलं तर कळतं ना?

ठिबक_सांगली

साधी लॅटरल म्हणा, इनलाइन नको, इनलाइनला आत ड्रिपर असतात आणि भोकं त्यांच्या अंतराने येतात. दोन फूट कुणी कापून विकणार नाही कदाचित, टाकाऊ तुकडा मागा, फुकट देतात.