मदत हवी आहे: कुर्दिश गायिकेची ओळख करून देताना 'कुठली' म्हणायचं? (तातडीचं)

रातराणी:
परवा आमच्या ग्रंथालयात गाणी ऐकण्याचा कार्यक्रम आहे आणि निवेदन माझ्या गळ्यात पडलंय. त्या परदेशातल्या कुर्दिश गायिकेपाशी गाडी अडलीय. एक जण तिला इराणी म्हणतो, दुसरा इराकी, तिसरा फिनिश. नक्की काय लिहू? उद्या दुपारी मजकूर द्यायचाय. 'गूगल करा' हा सल्ला कृपया नको.

टवाळ_कार्टा:
नाव लिहायचं राहिलं की कोडं घातलंय?

मुपो_स्टॉकहोम:
कुर्द लोक इराण, इराक, तुर्कस्तान, सीरियात विखुरलेले, म्हणून हा घोळ. कुर्दिश आणि परदेशात म्हटलं तर रांग लागेल. चोपी फताह? मूळची इराकमधल्या किर्कुकची, वाढली नेदरलँड्समध्ये. दश्नी मोराद? इराकमधल्याच सुलेमानियाची, तीही नेदरलँड्समध्येच.

रातराणी:
अहो, ती व्हिडिओत सिंह घेऊन येते ती!!

मुपो_स्टॉकहोम:
हेली लव म्हणा की. खरं नाव हेलान अब्दुल्ला. जन्म १९८८, इराणमधलं उर्मिया. घरचे तिला तान्ही घेऊन तुर्कस्तानात निर्वासित म्हणून गेले, तिथून फिनलंडला. ती वाढली तिथे, मग गाण्यासाठी लॉस एंजेलिस गाठलं. २०१४ च्या 'रिस्क इट ऑल' या गाण्याचं चित्रण मात्र इराकी कुर्दिस्तानात, म्हणजे इराकमधल्या कुर्दांच्या स्वायत्त भागात, म्हणून काही जण इराकी लिहितात. इराणी पॉप गायिका तर अजिबात लिहू नका. १९७९ नंतर तिथे बाईला पुरुष श्रोत्यांसमोर एकटीने गायला बंदी. उर्मियात राहिली असती तर हे करिअरच झालं नसतं.

अण्णा_डोंबिवली:
ही कसली गायिका! तुर्कस्तानचा कुर्द गायक अहमत काया ऐकवा. फेब्रुवारी १९९९, इस्तंबूलचा पुरस्कार सोहळा. पठ्ठ्या म्हणाला, पुढच्या अल्बममध्ये एक गाणं कुर्दिशमध्ये गाणार. समोर बसलेल्या नामवंतांनी काटे-चमचे फेकले. त्याच वर्षी देश सोडला, २००० साली पॅरिसमध्ये वारला. वय ४३. तिथल्याच पेर लाशेझ दफनभूमीत पुरलाय.

मुपो_स्टॉकहोम:
अण्णा, काया मोठाच, पण त्याची बहुतेक गाणी तुर्की भाषेत. आणि विचारलंय गायिकेबद्दल.

अण्णा_डोंबिवली:
मग तुमची हेली कुठे कुर्दिशमध्ये गाते? तिचं गाजलेलं सगळं इंग्रजीच!

भटक्या७७:
इराकी कुर्दिस्तानच्या राजधानीला, एर्बिलला जाणार असाल तर किल्ला चुकवू नका. २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दुबईहून विमान मिळतं.

टवाळ_कार्टा:
भटक्या, बाई ग्रंथालयात चालल्यात, इराकला नाही.

सांजवेळ:
रातराणी, गाणं कोणतं लावणार आहात?

रातराणी:
त्याचा काय संबंध? 'रेव्होल्यूशन'.

सांजवेळ:
तोच तर संबंध आहे. ते २०१५ चं. आयसिसशी लढाई चालू असताना इराकमधल्या मोसुलजवळच्या आघाडीलगत चित्रण केलं, सोबत पेशमर्गा, म्हणजे कुर्द सैनिक. त्याआधीच 'रिस्क इट ऑल'मुळे जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. मला स्वतःला बंदुका आणि उंच टाचांचे बूट एकत्र बघवत नाहीत, युद्धाची जाहिरात वाटते. पण हे न सांगता गाणं लावलंत तर लोकांना नुसता धांगडधिंगा वाटेल.

मुपो_स्टॉकहोम:
जाहिरात कसली? ज्यांना स्वतःचा देश नाही त्यांनी जगाचं लक्ष कसं वेधायचं? तुर्कस्तानात १९८३ चा कुर्दिश भाषाबंदीचा कायदा १९९१ पर्यंत होता. कुर्द गायक शिवान परवरच्या कॅसेटी लोक लपूनछपून ऐकायचे. तो जर्मनीत गेला, हेली अमेरिकेत, पण ऐकणारे मायदेशीच.

सांजवेळ:
शिवानच्या हातात तंबूर हे तंतुवाद्य होतं हो, बंदूक नव्हती.

रातराणी:
तुमचं भांडण नंतर. मी लिहू काय??

मुपो_स्टॉकहोम:
'उर्मियात जन्मलेली, फिनलंडमध्ये वाढलेली कुर्दिश गायिका.' बास.

रातराणी:
चालेल! आभार. लिहून टाकते.

सांजवेळ:
प्रोजेक्टर आहे ना? त्या गाण्यात जे आहे ते सगळं बघण्याचं.

रातराणी:
नाही, फक्त स्पीकर.

टवाळ_कार्टा:
मग सिंह डरकाळी फोडणार का?

मुपो_स्टॉकहोम:
अरेच्चा. नुसतं ऐकवायचं असेल तर चोपी फताह लावा. आवाज गोड, आणि गाते कुर्दिशमध्ये. अण्णाही गप्प बसतील.

अण्णा_डोंबिवली:
बसणार नाही.

रातराणी:
म्हणजे निवेदन परत पहिल्यापासून?!!