'थँक्यू'ला उत्तर काय द्यायचं? 'इट्स माय ड्यूटी' चालेल का?

साताऱ्याची शिक्षिका
नववी-दहावीला इंग्रजी शिकवते, बावीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. पुण्यात एका कंपनीत आहे, लंडनच्या टीमबरोबर काम करते. तिकडच्या एका बाईंचं काम अडलं होतं, तेव्हा हिने रविवारी बसून त्यांची फाइल दुरुस्त करून दिली. बाईंनी चांगली दहा ओळींची मेल लिहून आभार मानले. हिने उलट लिहिलं, 'इट्स माय ड्यूटी, मॅडम.' त्यानंतर बाई कामापुरतंच बोलायला लागल्या. "माझं काय चुकलं?" हे विचारायला ती सातारला आली होती.

चुकलं तिचं नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचं. 'थँक्यू म्हणा' एवढं आम्ही शिकवलं. समोरच्याने म्हटलं तर काय बोलायचं, यावर वर्गात एक तास कधी दिला नाही. 'इट्स माय ड्यूटी' आपल्या मनात 'माझं कर्तव्यच होतं ते' असं नम्रपणे उमटतं. इंग्रजी माणसाला त्यात 'करणं भाग होतं म्हणून केलं' असं ऐकू येतं. त्या बाईंना वाटलं असणार की आपण एवढं मनापासून लिहिलं आणि हिला त्याचं काहीच नाही.

मराठीत आपण आभार घेतच नाही. 'आभार कसले मानता', 'त्यात काय एवढं', 'परकं समजता का आम्हाला?' त्या नकारातच माया असते. इंग्रजीत मात्र शेजारणीने पुढे केलेली वाटी घ्यावी तसे आभार घ्यायचे असतात. 'यू आर वेलकम' म्हणावं. काम मोठं असेल तर 'ग्लॅड इट हेल्प्ड' एवढं जोडावं, बस्स. माझं स्पष्ट मत आहे की आठवीपासून हे पाढ्यांसारखं पाठ करून घ्यावं. आणि 'मेन्शन नॉट' बंद करावं. 'डोन्ट मेन्शन इट' मोडून आपण ते केलं आहे, लंडनला कुणी तसं बोलत नाही.

गोदाकाठ
बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण पटलं नाही. लंडनला कुणी बोलत नाही म्हणून आपण का बंद करायचं? माझे वडील टपाल खात्यात काउंटरवर होते. कुणी थँक्यू म्हटलं की मान किंचित कलती करून 'मेन्शन नॉट' म्हणायचे. नाशकात त्याचा अर्थ कुणाला कळला नाही असं कधी झालं नाही. 'प्रीपोन' आपण रूढ केला आणि तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसला. मग याच दोन शब्दांवर राग का?

दुसरं म्हणजे, रविवारी काम केलं पुण्याच्या मुलीने आणि चुकलंही तिचंच? एवढ्या वर्षांत त्या बाईंनी भारतातल्या माणसाची बोलायची रीत समजून घ्यायला नको?

आणि खरं सांगतो, 'यू आर वेलकम' माझ्या तोंडून निघत नाही. कुणी आभार मानले आणि मी 'या, स्वागत आहे' म्हणायचं, म्हणजे मी काहीतरी मोठं केलं हे कबूल करून टाकायचं. आपल्याकडे दिलेल्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

तिसरी पाळी
सात वर्षं कॉल सेंटरला काढली, सगळे फोन अमेरिकेचे. आम्हाला 'नो प्रॉब्लेम' म्हणायला सक्त मनाई होती. वयस्कर गिऱ्हाइकाला वाटतं, 'म्हणजे माझा त्रास झाला असता की काय!' म्हणून 'यू आर वेलकम' किंवा 'माय प्लेझर'. आणि पलीकडची तरुण माणसं स्वतः काय म्हणायची? 'नो प्रॉब्लेम', 'शुअर', 'यू बेट', पुष्कळदा तोंड मिटून नुसतं 'म्-हं'. आमच्या नवीन मुलांना ते आपल्या 'अंहं'सारखं वाटायचं, नकार दिल्यासारखं.

त्यामुळे बाई, पाठांतर नको. दिवसाला साठ वेळा तेच वाक्य म्हणून माझं 'माय प्लेझर' इतकं गुळगुळीत झालं होतं की एका आजींनी मला विचारलं, "बाळा, कागदावरून वाचतोस का?" मुलांना ऐकवा, खूप ऐकवा.

ब्रिस्टलकर
आमच्याकडे बसमधून उतरताना सगळे 'चिअर्स, ड्राइव्ह!' म्हणतात. शाळकरी पोरं, काठी टेकत उतरणारे आजोबा, सगळेच. पहिले काही महिने मी गप्प उतरायचो. तिकीट काढलंय, बस चालवणं त्याचं काम आहे, आभार कसले? मग एकदा पावसात म्हणून बघितलं. ड्रायव्हरने आरशातून अंगठा दाखवला आणि दार लावलं.

गोदाकाठ, त्यात उपकार नाही आणि हिशेबही नाही. 'तू केलंस ते मला दिसलं' एवढीच ती पोच असते. अंगठ्याऐवजी त्याने 'इट्स माय ड्यूटी' म्हटलं असतं तर मला कसं वाटलं असतं, याचा विचार करा.

गोदाकाठ
ड्रायव्हरचं पटलं. पण मग इंग्रज घरात तरी एवढे आभार मानतात का? २०१८ साली रॉयल सोसायटीच्या एका नियतकालिकात आठ भाषांतल्या घरगुती, शेजारपाजारच्या बोलण्याचा अभ्यास आला होता. कुणी सांगितलेलं काम करून दिल्यावर तोंडाने आभार मानले गेले ते वीसात साधारण एकदा. इंग्रजी आणि इटालियन त्यातल्या त्यात पुढे होत्या, तरी त्यांच्यातही बहुतेक वेळा कुणी काही म्हणत नव्हतं. म्हणजे आपल्या माणसाचे आभार न मानणं ही फक्त मराठी रीत नाही.

माशेलची
आमच्या गोव्यात 'देव बरें करूं' म्हणतात. देव तुझं भलं करो. आभार थेट माणसाचे नाहीतच, देवाकडे त्याच्यासाठी मागणं. त्याला उत्तर लागत नाही, माझी आजी नुसती हसायची. प्रत्येक थँक्यूला उत्तर हवंच, हा हट्ट मला नको वाटतो.

साताऱ्याची शिक्षिका
माशेलची, समोरासमोर हसणं पुरतं. मेलमध्ये हसू दिसत नाही, तिथे शब्द लागतात.

गोदाकाठ, 'वेलकम'मध्ये मोठेपणा नाही हो. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त, म्हणजे १६०४ च्या आसपास, पाहुणा लोडोविको रात्री निरोप घेताना डेस्डिमोनाचे आभार मानतो. ती म्हणते, 'युअर ऑनर इज मोस्ट वेलकम.' घरच्या बाईने पाहुण्याला 'घर तुमचंच आहे' म्हणावं तसंच ते आहे. तुमच्या 'परकं समजता का'च्या अगदी शेजारचं. आणि 'मोस्ट वेलकम'ला भारतीय इंग्रजी म्हणून मी आजवर वहीत लाल रेघ मारत आले, ती आता मारणार नाही.

पाठांतराचं तिसरी पाळी म्हणतात ते मान्य. जूनपासून रोज पाच मिनिटं ऐकवण्यासाठी ठेवते. 'ड्यूटी' मात्र वर्गात चालू देणार नाही.

गोदाकाठ
'घर तुमचंच आहे' हा अर्थ कुणी आधी सांगितला नव्हता. तो धरून म्हणून बघेन. 'ड्यूटी'चंही ऐकतो, माझी मुलगी मेलमध्ये हेच लिहिते, तिला आज सांगतो. 'मेन्शन नॉट' सोडणार नाही. वडिलांचं आहे ते.