कमी खर्चातील एमटीबी आणि टेकडीवरच्या वाटा : आपापले अनुभव लिहावेत

शहराभोवतीच्या टेकड्या, कालव्याच्या कडेचे कच्चे रस्ते, शिवारातल्या गाडीवाटा आणि घाटमाथ्यावरचे मुरमाड रस्ते यांवर सुट्टीच्या सकाळी सायकलने फिरावे, अशी हौस अनेकांना असते आणि त्यांतल्या बहुतेकांना पहिला प्रश्न पडतो तो हा, की दहा ते वीस हजार रुपयांत मिळणारी एमटीबी, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची माउंटन बाइक, या कामाला पुरेल का. माझ्या मते ती पुरते. मात्र एवढ्या पैशांत सगळे काही मिळत नाही, आणि दुकानात जे सर्वांत आधी डोळ्यांत भरते त्याचा वाटेवर फारसा उपयोग होत नाही. जुन्या किमतींशी तुलना करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलेला आहे.

शर्यती आणि उड्या यांचा विचार या धाग्यात करायचा नाही. ज्यांनी अशी सायकल घेऊन निदान एक पावसाळा काढला आहे, त्यांनी आपल्याकडची वाट कशी आहे, सायकलीचा कोणता भाग टिकला, कोणता बदलावा लागला आणि खरेदीच्या वेळी काय पाहिले, हे सविस्तर लिहावे. सुरुवात मीच करतो.

पुण्याच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवर आणि पुढे मुळशीच्या बाजूला माझे फिरणे असते. या वाटांवर काळ्या बेसाल्टचे उघडे पडलेले थर असतात, त्यांवर सुटा मुरूम असतो आणि उतारांवर पावसाच्या पाण्याने कोरलेल्या घळी असतात. अशा वाटेला मागेही सस्पेन्शन हवे, असे दुकानांत आवर्जून सांगितले जाते. या किमतीतल्या मागच्या सस्पेन्शनमध्ये एक जाड स्प्रिंग आणि एक सांधा याखेरीज काही नसते. त्याने सायकलीचे वजन वाढते, चढावर पॅडल मारताना जोर स्प्रिंग दाबण्यात खर्च होतो आणि काही महिन्यांत तो सांधा ढिला होऊन मागचे चाक डुलू लागते. या किमतीत मागचे सस्पेन्शन घेऊ नये, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पुढच्या फोर्कविषयी, म्हणजे पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या भागाविषयी, मात्र मतभेद होऊ शकतात. सर्वांत स्वस्त सस्पेन्शन फोर्कमध्ये स्प्रिंग असते, पण ती दाबली गेल्यानंतर तिची उसळी आवरणारी यंत्रणा नसते. असा फोर्क सुमारे अडीच किलोचा भरतो आणि साधा पोलादी फोर्क साधारण त्याच्या निम्म्या वजनात मिळतो. मी पुढेही सस्पेन्शन नसलेली, ॲल्युमिनियमच्या फ्रेमची सायकल निवडली आणि तिला २.१ इंच रुंदीचे टायर बसवले. माझे वजन ६५ किलोच्या आसपास आहे. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत राहून हवा ३५ पीएसआयपर्यंत ठेवली, की लहान दगडांचे हादरे टायरच सोसतो. टायरची रुंदी आणि हवेचा दाब यांकडे खरेदीच्या वेळी फार कमी लोक लक्ष देतात, याची मला खंत वाटते, कारण त्या पैशांत मिळणारा सर्वांत चांगला आराम तिथेच आहे.

सातारा येथून

आमच्याकडे घराबाहेर पडले की चढच लागतो. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने गेले, की डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावांकडे जाणारे तांबड्या मातीचे रस्ते फुटतात आणि माझे खरे फिरणे त्यांवर होते. (कासच्या पठारावर जांभ्या खडकावरचा मातीचा थर अतिशय पातळ आहे आणि तिथली फुले त्यातच उगवतात. त्यामुळे सायकल रस्त्यावरच ठेवावी, पठारावर चाक घालू नये, ही विनंती मी प्रत्येकाला करतो.)

सायकल निवडताना ‘२१ गिअर’ हा शब्द सगळीकडे ऐकू आला, पण चढासाठी गिअरच्या संख्येपेक्षा सर्वांत हलका गिअर कोणता हे महत्त्वाचे असते. पुढच्या सर्वांत लहान चक्रीला किती दाते आहेत आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीला किती, एवढेच मोजावे. पुढे २८ आणि मागे २८ असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाकही एकच फेरा घेते आणि २७.५ इंची चाक सव्वादोन मीटरच्या थोडे आत अंतर कापते. पुढे २४ आणि मागे ३४ असतील, तर तेच अंतर दीड मीटरवर येते. अंगावर येणाऱ्या चढावर, सुट्या मातीत, सायकलवर बसून राहणे आणि उतरून ती ढकलणे यांतला फरक या दीड मीटरमध्ये आहे. शिमानोच्या टुर्नी या प्राथमिक श्रेणीत मागची सात चक्र्यांची फ्रीव्हील १४ ते २८ दात्यांची मिळते आणि १४ ते ३४ दात्यांचीही मिळते. मी सायकल घेतानाच दुसरी बसवून मागितली. तिच्यासाठी चेन थोडी लांब लागते आणि चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या मागच्या डिरेलरला ३४ दाते झेपतात का, हेही विचारून घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट वजनदार माणसांसाठी लिहितो. स्वस्त सायकलींच्या मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, चक्र्यांचा संच (फ्रीव्हील) आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. त्या रचनेत उजव्या बाजूचे बेअरिंग बरेच आत राहते आणि बेअरिंगपासून फ्रेमपर्यंत आसाचा लांब तुकडा आधाराशिवाय असतो. दगडांवरून वारंवार आपटल्यावर तो आस वाकू शकतो, आणि माझा वाकलाही. ज्या हबवर चक्र्यांचा संच (कॅसेट) नुसता सरकवून बसवतात, त्या फ्रीहबमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाजवळ असल्याने ही अडचण फारशी येत नाही. माझे वजन ९० किलोच्या पुढे आहे. माझ्यासारख्यांनी गिअर एक-दोन कमी मिळाले तरी चालवून घ्यावे, पण फ्रीहब असलेली सायकल मिळत असेल तर तीच घ्यावी.

नाशिक येथून

मी पाच फुटांच्या आतली आहे आणि माझा अनुभव मापाविषयी आहे. धाग्यात आतापर्यंत कोणीही मापाचा उल्लेख केलेला नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

मी ज्या दुकानांत गेले तिथे बहुतेक एमटीबी एकाच मापाच्या होत्या आणि ‘सीट खाली घेतली की झाले’ असे मला सांगण्यात आले. सीट खाली घेतल्याने फ्रेम लहान होत नाही. वरची आडवी नळी दोन पायांमध्ये किती उंचावर येते, ते सपाट चपला घालून, नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहूनच पाहावे लागते. वाटेवर सायकल अचानक थांबली तर पाय खोल जागी पडू शकतो, त्यामुळे नळी आणि शरीर यांत निदान दोन इंच जागा हवी. दुसरी बाब हँडलपर्यंतच्या अंतराची. ते लांब पडले, तर उतारावर हात ताठ राहतात, खांदे भरून येतात आणि ब्रेकच्या दांड्यापर्यंत बोटे नीट पोचत नाहीत. हा दांडा हँडलच्या जवळ आणणारा एक लहानसा स्क्रू बहुतेक सायकलींवर असतो. तो फिरवून द्या, असे आग्रहाने सांगावे, कारण लहान हातांसाठी त्याचा फार उपयोग होतो.

शेवटी मी २६ इंची चाकांची, १४ इंची फ्रेमची सायकल मागवून घेतली. तिच्यासाठी थांबावे लागले, पण घरातल्या इतरांच्या मोठ्या सायकलींपेक्षा मी तीच अधिक निर्धास्तपणे चालवते. ज्या दुकानात सायकलवर बसून निदान गल्लीतून एक फेरी मारू देत नाहीत, तिथे मुली-बायकांनी आणि उंचीने कमी असलेल्या सर्वांनीच खरेदी करू नये, असे माझे ठाम मत आहे.

सोलापूर येथून

आमच्याकडे चढ नाहीत, काटे आहेत. बांधावरून आणि माळावरून जाताना बाभळीचे काटे आणि सराटे टायरमध्ये घुसतात. सराटा कसाही पडला तरी त्याचे एक टोक वरच राहते, त्यामुळे टायर नवा असला तरी त्याचा उपाय होत नाही. मी ट्यूबमध्येच पंक्चर बुजवणारे सीलंट घालतो. माझ्या सायकलीला मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह आहे. त्याच्या आतली पिन काढता येत असल्याने सीलंट भरणे सोपे जाते आणि पेट्रोल पंपावर हवाही भरता येते. मात्र तिथल्या यंत्राने हवा झपाट्याने भरते, म्हणून दाबावर लक्ष ठेवून थोडी थोडी भरावी. सोबत एक ट्यूब, टायर उचलायच्या दोन पट्ट्या आणि हातपंप असतोच. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडके फिरवून काट्याचे मोडके टोक शोधावे, नाहीतर तेच टोक नव्या ट्यूबमध्ये घुसते. पावसानंतर काळ्या रानात सायकल घालू नये. ती माती टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये इतकी दाटते, की चाक फिरतच नाही.

ठाणे येथून

येऊरच्या बाजूला पावसाळ्यात फिरणाऱ्यांसाठी ब्रेकविषयी थोडे लिहितो. रिमवर दाबणारे व्ही-ब्रेक कोरड्या हवेत चांगले काम करतात आणि त्यांची दुरुस्ती कुठेही होते, पण पाऊस आणि चिखल यांत त्यांचा जोर घटतो आणि रबरात अडकलेली रेती रिमच झिजवते. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक या बाबतीत उजवे ठरतात, परंतु त्यांच्या स्वस्त प्रकारात एकाच बाजूचे पॅड सरकते आणि डिस्कला दुसऱ्या पॅडकडे वाकवते. त्यामुळे स्थिर पॅड डिस्कच्या अगदी जवळ ठेवावे लागते आणि पॅड झिजेल तसे ते पुन्हा पुन्हा जुळवावे लागते. हे काम स्वतः शिकून घेतले, तर तारेचे डिस्क ब्रेक आमच्याकडच्या पावसाला पुरतात. चेनला तेल घालताना ते डिस्कवर उडू देऊ नये. पॅडने तेल शोषले, की ब्रेक किंचाळतो आणि धरतही नाही.

कोल्हापूर येथून

माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे आणि वर लिहिलेल्या बऱ्याच तक्रारी घेऊन लोक माझ्याकडे येतात, म्हणून दुकानदाराच्या बाजूने नव्हे तर कारागिराच्या बाजूने लिहितो. स्वस्त सायकल लवकर बिघडते असे म्हणतात, पण माझ्याकडे पहिल्या दोन महिन्यांत येणाऱ्या सायकलींपैकी पुष्कळ सायकली घाईने जोडलेल्या असतात. सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचे चाक, पॅडल, सीट आणि ब्रेक बसवणे, गिअर जुळवणे हे काम विकणाऱ्याकडे किंवा गिऱ्हाइकाकडे येते, आणि तिथे अर्धा तास वाचवला की पुढे सायकलीचे आयुष्य कमी होते.

डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते लक्षात न घेता पाना लावून जोर केला, की क्रँकच्या, म्हणजे पॅडल ज्या दांड्यावर बसते त्याच्या, ॲल्युमिनियममधले आटे कापले जातात आणि पूर्ण क्रँक बदलावी लागते. पॅडल आधी हाताने फिरवून आत जायला हवे, पाना शेवटी लावायचा. क्रँक ज्या चौकोनी आसावर बसते, तिथला बोल्ट सायकल पहिल्या काही वेळा चालवल्यानंतर पुन्हा आवळावा लागतो. तो ढिला राहिला, तर क्रँकचे चौकोनी भोक झिजून मोठे होते आणि मग कितीही आवळले तरी प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येत राहतो. नव्या चाकाचे आरेही पहिल्या महिन्यात बसतात आणि काही ढिले पडतात. आरे बोटांनी चिमटीत धरून जोडीजोडीने दाबून पाहावेत. एखादी जोडी फार मऊ लागली, तर चाक घेऊन यावे आणि त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यावा. रिम फार वाकल्यावर आणली, तर माझ्या हातात काही उरत नाही.

चेनविषयीही सांगतो, कारण कमी खर्चात सायकल टिकवण्याचा तो खरा मार्ग आहे. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची असते, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. पट्टी लावल्यावर त्या १२ इंचांच्या पुढे इंचाचा सोळावा भाग गेलेल्या दिसल्या, तर चेन बदलावी. त्याहून जास्त ताणलेली चेन तशीच चालवली, तर ती मागच्या चक्र्यांचे दाते खाते आणि नवी चेन जुन्या चक्र्यांवर घसरू लागते. अशा वेळी दोन्ही बदलण्याचा खर्च अंगावर येतो.

विकत घेताना सायकलीच्या सुट्या भागांची चौकशी जरूर करावी. ७ गिअरची फ्रीव्हील, व्ही-ब्रेकचे रबर, २६ इंची ट्यूब या वस्तू तालुक्याच्या गावीही मिळतात. २९ इंची चाक दगडांवरून सहज जाते हे खरे, पण गावात पंक्चर झाल्यावर त्या मापाची ट्यूब मिळेलच असे नाही.

रत्नागिरी येथून

कोल्हापूरच्या दादांनी लिहिलेल्या गोष्टींत खाऱ्या हवेची भर घालतो. आमच्या सड्यांवरची जांभ्याची तांबडी धूळ आणि समुद्राकडची हवा यांमुळे पोलादी बोल्ट आणि चेन फार लवकर गंजतात. सीटची दांडी आणि हँडलचा दांडा महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवावा, कारण फ्रेममध्ये एकदा अडकून बसलेली दांडी काढताना फ्रेम खराब होते. सायकल धुतल्यावर ती कोरड्या फडक्याने पुसून मगच चेनला तेल घालावे.

चिंचवड येथून

मी जुनी सायकल घेतली आणि त्याच पैशांत नव्यापेक्षा वरच्या दर्जाची मिळाली. २०२०च्या टाळेबंदीच्या काळात सायकलींची मागणी अचानक वाढली होती आणि त्यांतल्या कितीतरी पुढे इमारतींच्या वाहनतळांत उभ्या राहिल्या. माझी सायकल तिथूनच आली. तिला फ्रीहब आहे, तेलावर चालणारे डिस्क ब्रेक आहेत, आणि टायर मात्र उन्हाने तडकलेले होते. टायर, ट्यूब, चेन आणि तारा बदलण्याचा खर्च मी किंमत ठरवतानाच धरला होता.

पाहताना सर्वप्रथम फ्रेमचे जोड बोट फिरवून तपासले, विशेषतः हँडलखालच्या नळीजवळचे, कारण तडा गेलेला असेल तर रंगात केसाएवढी रेघ दिसते. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली, म्हणजे हँडलच्या बेअरिंगमधला खेळ हाताला कळतो. दोन्ही क्रँक धरून बाजूला हलवून पाहिल्या, चाके उचलून फिरवली आणि सस्पेन्शनच्या चकचकीत नळ्यांवर गंजाचे ठिपके आहेत का ते पाहिले. सीटची दांडी वर-खाली होते का, हेही त्याच वेळी करून पाहावे. शेवटी सायकल उलटी करून पॅडलच्या आसाखाली कोरलेला फ्रेमचा क्रमांक वाचला, तो मूळ बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला, आणि विकणाऱ्या काकांकडून ते बिल घेतल्यावरच पैसे दिले.