मिक्सिंगपूर्वी ट्रॅकची पातळी किती ठेवावी?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे):
नमस्कार. मी घरी रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरवर आईची भजने ध्वनिमुद्रित करतो. आवाज, पेटी, तबला आणि टाळ असे चार ट्रॅक स्वतंत्रपणे स्वच्छ वाटतात. परंतु एकत्र वाजवताच मास्टरचा (सर्व ट्रॅक एकत्र येतात त्या अंतिम वाहिनीचा) मीटर लाल होतो. मास्टरचा फेडर (पातळीची सरकपट्टी) खाली ओढणे पुरेसे आहे का?

उत्तर (वाशी):
लाल दिवा त्याने विझेल, कारण रीपरमधील आतली गणना फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे मर्यादेपलीकडची पातळीही न कापणाऱ्या अंकपद्धतीत होते; परंतु कॉम्प्रेसरसारख्या (आवाजातील चढउतार आवरणाऱ्या) प्लगइनमध्ये, म्हणजे ट्रॅकवर लावलेल्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये शिरणारा आवाज मोठाच राहील आणि विशेषतः जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रांची नक्कल करणारे प्लगइन तेथे आवाज खरखरीत करतील. म्हणून प्रथम प्रत्येक क्लिपचा (ट्रॅकवरील ध्वनिमुद्रित तुकड्याचा) गेन, म्हणजे फेडर व प्लगइनच्या आधीची पातळी, असा कमी करावा, की सरासरी पातळी उणे १८ डेसिबलच्या (शून्य ही कमाल मर्यादा) आसपास येईल आणि शिखरे उणे १० ते उणे ६ च्या दरम्यान राहतील. त्यानंतरच फेडरला हात लावावा. फेडर शून्याजवळ असताना बारीक फरक करणे सोपे जाते.

उत्तर (ऐरोली):
टाळांसाठी सरासरीवर विसंबू नका, त्यांची शिखरे पाहा. तो नाद क्षणभरच उसळतो. ध्वनिमुद्रणही २४ बिटवर (आवाजाची अधिक बारीक नोंद होते त्या मापात), थोड्या कमी पातळीवर करावे. इंटरफेसमध्येच (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या यंत्रातच) फाटलेला आवाज गेन कमी करून पूर्ववत होत नाही, आणि मला त्यापायी आजोबांचा एक अभंग कायमचा गमवावा लागला.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. तपासले असता तबलाच उणे १ ला टेकत होता. आज रात्री चारही क्लिपचा गेन नव्याने लावतो.